तिसऱ्या आवृत्तीत वारलेले बाबा

आमचे बाबा वारल्याचं मला मधल्या सुट्टीत कळलं. सकाळीच त्यांच्याशी चहातल्या साखरेवरून भांडून मी शाळेत शिकवायला आले होते.

झालं असं, की शिक्षकांच्या खोलीत आमच्या संगीताच्या बाई डोळे पुसत बसल्या होत्या. काय झालं विचारलं तर त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात आपल्याकडे येणार आहेत ना, त्यांचं भाषण. ऐका, ऐका. दगडाला पाझर फुटेल."

मोबाईलमध्ये माझा धाकटा भाऊ होता. जगासाठी तो मोठा प्रेरणादायी लेखक आहे. शाळा-कॉलेजांत जाऊन भाषणं करतो, नंतर बाहेर टेबल मांडून पुस्तकावर सह्या करतो. घरी मात्र त्यानं ते पुस्तक कधी दिलं नाही, पुढच्या आवृत्तीत चुका दुरुस्त होऊ देत म्हणतो. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तो डोंगराच्या टोकावर हात पसरून उभा आहे. घरी पंखा पुसायला स्टुलावर चढवला तर याला चक्कर येते. आम्ही त्याला टिल्लू म्हणतो.

तर टिल्लू डोळे मिटून, कापऱ्या आवाजात सांगत होता, "त्या रात्री माझे वडील गेले. सकाळी माझा पेपर होता. एका खांद्यावर वडील होते मित्रांनो, आणि दुसऱ्या खांद्यावर दप्तर. जाताना त्यांनी माझा हात धरला आणि दोनच शब्द बोलले. थांबू नकोस."

समोरचं सगळं कॉलेज हुंदके देत होतं. संगीताच्या बाई पुन्हा सुरू झाल्या. मी मात्र गार पडले. हा आपला भाऊ आहे असं मी शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. लग्नानंतर आडनाव बदललेलं, आणि मिरवायची मला हौस नाही. आता तर सांगायची सोयच राहिली नाही. सांगितलं असतं तर त्याच्याबरोबर मीही बिनबापाची झाले असते.

बाबा हल्ली माझ्याकडेच असतात. घरी येऊन पाहिलं. मयत माणूस खिडकीत बसून चोरून बिस्किटं खात होता.

मी आतल्या खोलीत जाऊन टिल्लूला फोन लावला.

"टिल्लू, तू बाबांना मारलंस?"

तो म्हणाला, "ताई, गोष्टीत मारलंय."

"कधी?"

"तिसऱ्या आवृत्तीपासून."

"आणि पहिल्या दोन आवृत्त्यांत?"

"आजारी होते."

मला रडावं की हसावं कळेना. म्हटलं, "अरे, तुला त्या माणसानं काय कमी केलं होतं?"

"तोच तर घोळ आहे ना," तो कळवळून म्हणाला. "त्यांनी कधी मारलं नाही, शिकू नको म्हटलं नाही, दारू नाही, काही नाही. अशा बापाचं मी करू काय? पहिल्या वर्षी खरं खरं सांगायचो. पोरं जांभया द्यायची. मग जरा आजारी पाडलं तर पुढच्या रांगा ऐकायला लागल्या. प्रकाशक म्हणाले, अजून थोडं ताणा."

त्याचं म्हणणं एका अर्थी खोटं नव्हतं. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं आणि ते बरं चालायचं. टिल्लूच्या भाषणात तो रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करतो. प्रत्यक्षात पोरांचे डोळे बिघडू नयेत म्हणून बाबांनी त्याच्या टेबलावर दोन बाजूंना दोन दिवे लावले होते, वहीवर हाताची सावली पडायला नको म्हणून. परीक्षेच्या काळात घरात आम्ही कुजबुजत बोलायचो. पेपरच्या दिवशी बाबा स्वतः त्याला सोडायला जायचे, आणि पहिला फुटला तर असावा म्हणून जादा चष्मा खिशात घेऊन पेपर सुटेपर्यंत फाटकाबाहेर उभे राहायचे. यात संघर्ष कुठून आणणार? भिंतीवर डोकं आपटायचं तर भिंत तरी हवी ना.

"आमच्या शाळेत हे चालायचं नाही," मी बजावलं. "बाबा येणार आहेत."

आता खरी अडचण सांगते. बाबांना टिल्लूचं भाषण एकदा ऐकायचं होतं. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी फारसं काही मागितलेलं मला आठवत नाही, पण हे ते कितीतरी वर्षं मागत होते. टिल्लूची कारणं ठरलेली. फार लांब आहे बाबा. हॉलमध्ये एसी फार असतो बाबा. पुढच्या वेळी नक्की. बाबा "बरं" म्हणायचे आणि पुढच्या वेळची वाट बघायचे. आणि आता आमच्याच शाळेच्या फाटकावर टिल्लूचा फोटो लागला होता. संध्याकाळच्या फिरण्यात बाबांनी तो पाहिला. घरी येऊन म्हणाले, "आता गल्लीच्या टोकाला आहे. आता काय लांब म्हणतो बघू." दुसऱ्या दिवशी त्यांनी कोट इस्त्रीला दिला.

म्हणजे इतक्या वर्षांनी मुलाला ऐकायला जायचं आणि आपलंच मरण ऐकून यायचं. मला ते सहन होणार नव्हतं. मी टिल्लूला सरळ धमकी दिली, की बाबांना मारलंस तर मी व्यासपीठावर येऊन तुझ्या कानफटात देईन. तो म्हणाला, "शपथ ताई. तुझ्या शाळेत नाही मारणार."

ठरल्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. आमच्या मुख्याध्यापिका बाई नव्या साडीत इकडून तिकडे धावत होत्या. बाई तशा भल्या, पण त्यांना एक खोड आहे. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची संधी त्या सोडत नाहीत. कुठे दूरच्या समुद्रात जहाज बुडालं, दोन मिनिटं. निवृत्त शिपायाच्या सासूबाई गेल्या, दोन मिनिटं. आवारातलं जुनं झाड पडलं तेव्हाही अख्खी शाळा मैदानात माना खाली घालून उभी होती.

बाबांना मी मागे खांबाच्या आड बसवायचं ठरवलं होतं. पण ते नाकासमोर चालत गेले आणि दुसऱ्या रांगेत नववीच्या मुलींशेजारी जाऊन बसले. चष्मा पुसून घेतला. हात गुडघ्यांवर ठेवले. चेहरा असा, की घरचं कार्य आहे. मी रांगेच्या टोकाशी उभी राहिले.

मोठ्ठं संगीत वाजलं आणि टिल्लू धावत व्यासपीठावर आला. ते धावत येणं भाषणाचाच भाग असतं. कानाला अडकवलेला, गालापर्यंत आलेला माइक. हात पसरले, हसला, आणि त्याला दुसऱ्या रांगेतला कोट दिसला. हात तसेच राहिले, हसू गेलं.

पण शब्दाला जागला, हे मान्य करायला हवं. खरी गोष्ट सांगायला लागला. "माझ्या वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं," तो म्हणाला. पोरं वाट बघू लागली. "दुकान चांगलं चालायचं." पोरं अजून वाट बघत होती. "मला त्यांनी शिकवलं. आणि मी शिकलो."

पुढे काही नव्हतंच. मागच्या बाकांवर कागदाची विमानं उडायला लागली. एकजण घोरण्याचा आवाज काढत होता, बाकीचे त्याला दाद देत होते. भूगोलाचे सर खरोखरच घोरत होते. मुख्याध्यापिका बाईंचा चेहरा पडला. मला वाटलं, पडू दे. एक भाषण पडलं म्हणून कोणी मरत नाही.

टिल्लूच्या कपाळावर घाम आला होता. टाळ्यांची चटक लागलेला माणूस तो, शांतता त्याला सोसत नाही. त्यानं डोळे मिटले. आवाज खाली आणला. "आणि मग," तो म्हणाला, आणि मी कपाळावर हात मारला.

बघता बघता त्यानं दुकान बुडवलं. बाबांच्या पाठीवर पोतं दिलं. घरची वीज तोडली, स्वतः रस्त्यावरच्या दिव्याखाली जाऊन बसला. पोरं पुढे सरकली. विमानं थांबली. भूगोलाचे सर जागे झाले. आणि मग ती रात्र आली, एक खांदा आला, दुसरा खांदा आला, आणि दोन शब्द. सभागृहात हुंदके सुरू झाले. डोळे त्यानं शेवटपर्यंत उघडले नाहीत.

मी बाबांकडे बघत होते. पोतं पाठीवर आलं तेव्हा ते जरा सरळ बसले. रस्त्यावरच्या दिव्याशी त्यांनी जीभ टाळ्याला लावून "च्च" केलं. स्वतः वारले तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं काचा पुसल्या, नुसत्या काचा. शेजारची मुलगी हमसून रडत होती, तिला त्यांनी तो रुमाल देऊन टाकला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि तेच मला बघवेना. टिल्लूला तिथल्या तिथे बडवून काढावंसं वाटत होतं.

टाळ्या थांबल्यावर मुख्याध्यापिका बाई नाक ओढत माइकशी आल्या. "कुणाला काही विचारायचंय?" आमच्या शाळेत या प्रश्नाला कधीच उत्तर येत नाही. "अरे विचारा कुणीतरी," बाई काकुळतीला आल्या.

दुसऱ्या रांगेतून कोटाची बाही वर गेली.

"विचारायचं नाही," बाबा उभे राहत म्हणाले. "सांगायचं होतं. मी यांच्या वडिलांना ओळखत होतो."

टिल्लूनं खुर्चीचा हात घट्ट धरला. मी पुढे निघाले, पण बाई माझ्याही आधी पोचल्या. मयताचा स्नेही जिवंत सापडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "काका, मग दोन शब्द बोलायलाच हवेत," म्हणत त्यांनी बाबांना हाताला धरून वर नेलं.

बाबांनी स्टँडचा माइक आपल्या उंचीला आणला. आयुष्यात ते पहिल्यांदाच माइकसमोर उभे होते.

"मी यांच्या वडिलांना चांगलं ओळखायचो," ते म्हणाले. "माणूस काही फार मोठा नव्हता. चष्मे विकायचा. गोड चोरून खायचा आणि नाही म्हणून सांगायचा. दुपारी झोपायचा. पाठीचं दुखणं होतं, त्यामुळे पोती वगैरे त्याला कशी झेपली देव जाणे. पण मुलासाठी वेळ आली असती तर उचलली असती. तेवढं यांनी बरोबर सांगितलं."

पोरं कान देऊन ऐकत होती. मागच्या बाकांवरसुद्धा हालचाल नव्हती.

"एक मात्र लक्षात ठेवा मुलांनो. रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचू नका. डोळे जातात. उजेड डावीकडून घ्यावा. त्याच्या दुकानात अशी डोळे घालवलेली पोरं खूप यायची, त्याला फार वाईट वाटायचं."

माइकमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"शेवटचे शब्द वगैरे मला माहीत नाहीत. तो फार बोलका नव्हता. त्याला एकच हौस होती, मुलाचं भाषण ऐकायची. मुलगा म्हणायचा, पुढच्या वेळी. पुढच्या वेळी पुढच्या वेळी करता करता ते राहूनच गेलं." मग मान वळवून त्यांनी टिल्लूकडे पाहिलं. "आज असता तर म्हणाला असता, आवाज छान लावतोस रे. जरा सावकाश बोलत जा."

माझे डोळे कधी भरून आले मला कळलं नाही. टाळी कुणीच वाजवली नाही. टिल्लू खुर्चीतून उठला होता, पण त्याचे पाय हलत नव्हते. डोंगरावर हात पसरून उभा राहणारा माणूस हात कुठे ठेवावेत ते न कळून उभा होता.

आणि आमच्या बाईंनी ती संधी साधली. पदरानं डोळे टिपत त्या म्हणाल्या, "त्या थोर पित्याच्या स्मृतीसाठी आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या."

अख्खी शाळा उठली. बाक सरकले, माना खाली गेल्या. बाबांनीही माइकसमोरच मान खाली घातली, हात पुढे एकावर एक ठेवले, आणि स्वतःसाठी स्तब्ध उभे राहिले. झाडासाठी उभी राहिले होते तेव्हा मला हसू आवरलं नव्हतं. या वेळी हसू आलंच नाही.

कुठेही आवाज नव्हता. मग स्पीकरमधून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. टिल्लूच्या कानाचा माइक बंद करायचं राहून गेलं होतं. त्यानं आवरायचा प्रयत्न केला, तोही सगळ्या सभागृहाला ऐकू गेला. आणि मग तो लहानपणी अंधारात हाक मारायचा तशी त्यानं हाक मारली.

"बाबा."

पहिल्या रांगेपासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्या माना वर झाल्या. मुख्याध्यापिका बाईंनी आधी टिल्लूकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग पुन्हा टिल्लूकडे.

बाबांनी तेवढी मान वर केली नाही.

"गप्प उभा राहा," ते म्हणाले. "माझी दोन मिनिटं व्हायची आहेत अजून."