जोडीतलं एक फूल

मी एक वेल बोलतेय. जमिनीवर अंग टाकून रानातल्या सावलीत पसरणारी. मला फुलं येतात ती जोडीनं, एकाच बुडाशी चिकटलेली. दोन फुलांचं मिळून एक लाल फळ. खाल्लं तर चालतं, चव मात्र बेताचीच. उगाच आव आणत नाही मी.

चष्मेवाल्यांनी, म्हणजे चष्म्यांचं दुकान असलेल्या माझ्या मालकांनी, मला चमच्यानं उकरून आणलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत पसरट कुंडीत बसवलं. बागप्रदर्शनात त्यांना फळांनी लगडलेली वेल मांडायची होती. मला फुलं आली तसे ते दुकानातला बारीक चिमटा घेऊन बसले आणि प्रत्येक जोडीतलं एक फूल खुडू लागले. जन्मभर लोकांच्या नाकावर दोन-दोन काचा बसवलेला माणूस हा.

"बाबा, दोन्हींचं बूड एकच आहे," नवी सून म्हणाली. "एक काढलं तर फळ धरायचं नाही."

"सूनबाई, एक गेलं की दुसरं जोमानं वाढतं. तू चहाचं बघ."

मुलाचंही त्यांनी असंच केलं होतं. लग्नाला महिना होतोय न होतोय तोच त्याला एकट्याला दूरच्या नोकरीवर धाडलं. एकटा राहिला की कामात लक्ष लागतं म्हणे. तो फोनवर विचारायचा, "कधी येतेस?" ती म्हणायची, "बाबांना विचारते," आणि माझी पानं पुसत बसायची. विचारायची नाही.

मी ठरवलं, या माणसाचं नाक कापायचं. तेही चारचौघांत.

प्रदर्शनात माझी नुसती पानं. परीक्षक बाई वाकून बघत म्हणाल्या, "एकही फळ नाही. फुलं खुडली का कुणी?"

"घरात नवी सून आलीय," चष्मेवाले हसले. "पोरीचा हात."

सून शेजारीच होती. तिनं त्यांच्या खिशातून डोकावणारा चिमटा काढून टेबलावर ठेवला. "हात बाबांचा," ती म्हणाली. "आणि बाबा, मी उद्या ह्यांच्याकडे निघतेय. विचारत नाहीये, सांगतेय."

गेली ती.

यंदा चष्मेवाल्यांनी एकाही फुलाला बोट लावलेलं नाही. रोज भिंग घेऊन फळं शोधतात. माझ्या फुलांना फळ धरायला शेजारी माझ्याच जातीची दुसरी वेल लागते, हे त्यांना ठाऊक नाही. सुनेला होतं. निघताना माझ्यावर वाकून हळूच म्हणाली, "मी नाही सांगणार."

तुम्हालाही एवढीच विनंती. त्यांच्याकडे गेलात तर चहा घ्या, डोळे तपासून घ्या, पण याबद्दल अवाक्षर काढू नका.