भिंतीपलीकडचे उंचवटे

मटिल्डाच्या गास गावातल्या घरामागची खोली रिकामी पडून होती आणि ती मागायला जयवंती दारात उभी होती. जयवंती शेजारच्या उर्सुलाबायकडे धुणीभांडी करायची. जालन्याकडची बाई. तिकडे विहिरी आटल्या म्हणून नवऱ्या-पोरांसकट इकडे आलेली. आता राहती जागा महिनाअखेर सोडायची होती.

"बाहेरच्यांना आम्ही खोली देत नाही," मटिल्डाने तोंडावर सांगितलं. "तुम्ही शिरलात की गाव आमचा राहत नाही."

जयवंती आल्या पावली परतली.

दुपारी मटिल्डा टोपली घेऊन तरातरा सिमेटरीत पोचली. मृतांचा दिवस उद्यावर आलेला. सोबत नात एलिसा आणि थोरली जाऊ उर्सुलाबाय. सासऱ्यांच्या कबरीवरचं गवत उपटून मटिल्डाने टोपली मागच्या भिंतीपलीकडे रिकामी केली. गावात सगळे तेच करतात!

"आजी, पलीकडे काय आहे गं?"

"काय असणार? रान."

एलिसा भिंतीवर चढली. "मग रानात एवढे उंचवटे कसे? तेही ओळीने?"

आता मटिल्डालाही राहवेना. लग्न होऊन आल्यापासून कचरा टाकत होती, पण डोकावली कधीच नव्हती. तिघी वळसा घालून मागे गेल्या. लहानमोठे उंचवटे होते. क्रूस नाही, नाव नाही. वर गावाने फेकलेला सुकला झेंडू आणि मेणबत्त्यांची बुडखं.

"दुष्काळातली माणसं आहेत ही," उर्सुलाबाय म्हणाली. "घाटावरून चालत आली. आपल्या विहिरींना पाणी होतं ना!"

"पुरलं कोणी?"

"आपल्याच लोकांनी. आपल्या आजेसासूने लहानपणी पाहिलेलं."

मटिल्डाची मान ताठ झाली. "बघ एलिसा! परक्यालाही माती दिली आपल्या गावाने."

"माती दिली, ओटा नाही दिला," उर्सुलाबाय फणकारली. "रोग आणतील म्हणून दारं लावून घेतली. ती दारासमोर पाणी मागत बसली. सकाळी बघतात तर सगळं थंड! मग धावले कुदळी घेऊन."

मटिल्डा एका हातभर उंचवट्याकडे बघत राहिली. "हे एवढंसं?"

"लेकरू असेल. आणि तू आज काय केलंस? जयवंती माझ्याकडे रडत आली होती. माझ्याकडे खोली असती तर तुझ्या दारात पाठवली नसती."

"ती काय मरायला टेकलीय?"

"मग मरेपर्यंत थांबायचं का?"

अरे देवा! मटिल्डा खाली बसली आणि त्या लहानग्या उंचवट्यावरचा कचरा हाताने वेचू लागली. एलिसाही वाकली.

उंचवटा मोकळा झाल्यावर मटिल्डा म्हणाली, "लाव तिला फोन."

उर्सुलाबायने लावून मटिल्डाच्या हातात दिला.

"जयवंती, रविवारी सामान घेऊन ये. पण सांगून ठेवते, नळ वाहता ठेवलास तर माझ्याशी गाठ आहे!"

गावकऱ्यांनो, मेलेल्याला माती द्यायला सगळेच धावतात, त्यात कसला मोठेपणा? माणूस दारात उभा आहे, बोलतोय, तोवर दार उघडा. माणुसकी म्हणतात ती हीच.