गोदीला ओरडता यावं म्हणून

१९५८ साली पिंपरीतल्या आमच्या क्वार्टर्समध्ये दिवसाची अशी एकही वेळ नव्हती, की जेव्हा कुणीच झोपलेलं नसेल. औषधांचा कारखाना तीन पाळ्यांत चालायचा. मी तिथल्या प्रयोगशाळेत नवीन होतो. शेजारच्या खोलीत भिमाजी, त्यांची बायको अंबुबाई आणि सहा वर्षांची गोदावरी, म्हणजे गोदी, राहत. ही मंडळी बीडकडची, तीन वर्षांपूर्वी इथे आलेली. भिमाजी कॉम्प्रेसरवर होते आणि रात्रपाळी मागून घेत.

ते सकाळी येऊन आडवे झाले, की त्या खोलीतून दुपारपर्यंत आवाज येत नसे. अंबुबाई भांडी फडक्यावर ठेवत. गोदी सागरगोटे खेळायची ते घडी घातलेल्या गोधडीवर. एकदा ती ओट्यावरून पडली आणि तिचा गुडघा फुटला. ती रडली, पण हे मला फक्त तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

जूनमध्ये तिचं नाव शाळेत घालायचं ठरलं. भिमाजी झोपलेले असल्यामुळे अंबुबाईंनी मला सोबत नेलं. शाळा रस्त्याकडेला होती. एकच लांब खोली, चार इयत्ता आणि आबाजी गुरुजी.

"नाव काय बाळ तुझं?" गुरुजींनी विचारलं.

गोदीचे ओठ हलले.

"मोठ्यानं सांग."

ओठ जास्त हलले.

गुरुजींनी अंबुबाईंकडे पाहिलं. "मुकी आहे का?"

"न्हाई गुरुजी. शहाणी हाय."

"असेल. पण बाहेरून ट्रक जातात आणि चार वर्ग मी एकटा घेतो. नुसते ओठ हलवणारी पोरं मी पुष्कळ पाहिलीत, ती वर्षभर ओठच हलवतात. सोमवारी आणा. आवाज निघाला तर घेतो, नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष अंबुबाईंच्या हातात नव्हतं. गावी त्यांच्या जावेला मूल झालं होतं आणि ते सांभाळायला गोदीला पाठवा, असा निरोप दोनदा आला होता. "पोरगी शाळेत जाणार" एवढंच उत्तर त्यांच्याकडे होतं. शाळेनंच परत पाठवलं, तर तेही उरत नव्हतं.

"भाऊ, तुमी शिकलेले," त्या परत येताना म्हणाल्या. "हिला वरडायला शिकवा."

मी रसायनशास्त्र शिकलो होतो. तरी हो म्हणालो.

पहिली अडचण जागेची होती. क्वार्टर्समध्ये ओरडणं शक्य नव्हतं. म्हणून शनिवारी आम्ही पवनेच्या काठी गेलो. तिथे चार म्हशी होत्या आणि त्यांतली एकही पाळीवर नव्हती. मी गोदीला एका दगडावर उभं केलं, थोडा लांब गेलो आणि नाव सांगायला सांगितलं. काही ऐकू आलं नाही. मी जवळ आलो. तरीही नाही.

"वरड की गं!" अंबुबाई म्हणाल्या. त्यासुद्धा कुजबुजतच म्हणाल्या.

"वहिनी, आधी तुम्ही ओरडून दाखवा," मी म्हणालो.

अंबुबाईंनी पदर सावरला, आजूबाजूला पाहिलं आणि म्हशींना हाक घातली. आवाज चांगला होता. म्हशींनी माना वर केल्या. गोदीनं मात्र दगडावरून उडी मारली आणि धावत येऊन आईच्या तोंडावर हात ठेवला.

"बा निजलेत," ती कुजबुजली.

"बा इथं कुठं हायत?"

"घरी."

मला हे महत्त्वाचं वाटलं. अंतराचा प्रश्नच नव्हता. बाप कुठेही झोपलेला असला, तरी जगात कुठेही आवाज करायचा नाही, असा नियम तिनं धरला होता. तेव्हा नियम मोडायचा, तर तो बापानंच मोडायला हवा.

रविवारी भिमाजींना सुट्टी होती, पण सवयीनं ते सकाळीच आडवे झाले होते. मी दारात उभा राहून त्यांना सगळं सांगितलं. ते उठून बसले. कॉम्प्रेसरच्या सततच्या धडधडाटामुळे त्यांना हळू बोलता येत नसे.

"निजतो कोण हितं?" ते म्हणाले.

"म्हणजे?"

"भाऊ, तिकडं मशिनपाशी डबा खाल्ला की बसल्या बसल्या डोळा लागतो माझा. घरी आलो की हे असं मसणात आल्यावानी. झोप येत न्हाई. भिंत बघत पडतो."

अंबुबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी हातातलं पीठ परातीत ठेवलं. "तीन वर्सं?"

"हां."

"मंग बोलला का न्हाई?"

"एकदा उठून बसलो तर तू पोरीला धपाटा घातलास. म्हणलीस, हिनंच उठवलं बाला. तवापासनं डोळे मिटून पडतो."

"मी तीन वर्सं पहाटं शेजारणीकडं जाऊन भाकरी थापते. आवाज नगं म्हणून. गार भाकरी खाता तुमी."

"खातो की. तक्रार केली का कधी?"

अंबुबाईंनी परात बाजूला सारली. भिमाजींनी गोदीला जवळ बोलावलं. "गोदे, म्या पडतो. तू खुशाल वरड. काय?"

ते आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले. गोदीनं त्याबरोबर ओठ घट्ट मिटले. भिमाजी उठून बसले, की ती पुन्हा मोकळी व्हायची, आणि आडवे झाले, की बंद. असं तीनदा झालं. बापानं परवानगी दिली होती, पण झोपलेल्या बापाची परवानगी ती मानत नव्हती.

तेवढ्यात अंबुबाईंनी परात ओढून घेतली आणि भाकरी थापायला सुरुवात केली. भाकरीला लागतो त्यापेक्षा बराच जास्त जोर त्या लावत होत्या. खोली लहान होती. तवा आपटला, झाकण आपटलं, पुन्हा थापटणं सुरू झालं. गोदी भिंतीला टेकून एकदा आईकडे, एकदा बापाकडे पाहत होती. दुसरी भाकरी तव्यावर पडेपर्यंत भिमाजींचा जबडा सैल झाला. तिसरीला ते घोरायला लागले.

गोदी जवळ गेली. तिनं त्यांच्या नाकासमोर हात धरला. मग पापणी उचलून पाहिली. पापणी पुन्हा मिटली आणि घोरणं चालूच राहिलं.

"आई!" ती म्हणाली. "बा निजले!"

हे तिनं इतक्या मोठ्यानं सांगितलं, की पलीकडच्या खोलीत राहणाऱ्या सोनबानं भिंतीवर बुक्की मारली. त्याची रात्रपाळी झाली होती. "कोण बोंबलतंय रं तिकडं?"

"पोरगी!" अंबुबाई त्याच आवाजात म्हणाल्या. "शाळंत चाललीय!"

"मंग शाळंत बोंबला की!"

सोमवारी गुरुजींनी नाव विचारलं. गोदीनं आधी चारही वर्गांवरून नजर फिरवली. कुणी झोपलं होतं का ते ती पाहत असावी. मग तिनं स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव सांगितलं. चौथीची मुलं मागे वळली. गुरुजींनी नाव लिहून घेतलं आणि म्हणाले, "बस. एवढं मोठं नको, पण बस."

अंबुबाई निघाल्या नाहीत. आम्ही खिडकीबाहेर उभे राहिलो. आत बेचा पाढा सुरू झाला. तीस-चाळीस मुलं एकदम म्हणत होती.

"ह्यात गोदीचा कुठला?" अंबुबाईंनी विचारलं.

मी कान दिला. सांगता येणार नाही, असं म्हणणार होतो. पण 'बे त्रिक सहा' झाल्यावर, सगळे थांबल्यावर, एकच 'सहा' मागाहून आला. 'बे चोक आठ'लाही तसंच झालं. तिला पाढा येत नव्हता. इतरांचं ऐकून ती शेवटचा शब्द म्हणत होती, आणि चांगला मोठ्यानं.

"तो मागाहून येतोय तो," मी म्हणालो.

अंबुबाईंनी दहापर्यंत ऐकलं.

"मागं हाय जरा," त्या म्हणाल्या.

"आजच तर बसलीय."

"व्हय," त्या म्हणाल्या आणि वीस होईपर्यंत तिथेच थांबल्या.