पुलावर अडकलेला पेपर

मित्रांनो, लातूरच्या एका क्लासमध्ये जिन्याखाली घरघरणारा काळा डबा म्हणजे मी. लिनक्सवर चालणारा जुना सर्व्हर. आलो तेव्हा धोंडप्पा सरांनी माझ्यापुढे नारळ फोडला होता. आता माझ्यावर झेरॉक्सचे गठ्ठे ठेवतात.

त्या सकाळी मोफत प्रवेशाची परीक्षा होती. तनुजा भोकरहून एसटीने आली होती. जागा मिळाली तरच ती लातुरात शिकणार होती.

घंटा झाली, पण पेपर उघडेना. पडद्यावर नुसतं चाक फिरत होतं.

आम्ही संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतो. नुसतं नाव कळलं, तर पत्ता डीएनएस नावाच्या पत्ते सांगणाऱ्याला विचारावा लागतो. माझ्याकडे असे दोन होते. क्लासमधल्याला आमच्या प्रश्नपेढीचा, म्हणजे पेपर जिथून येतो तिचा, पत्ता ठाऊक होता. बाहेरच्याला जगाचे पत्ते ठाऊक, घरातला नाही. आणि ज्याला आधी विचारलं त्याने ‘असं कुणी नाही’ म्हटलं, की मी दुसऱ्याला विचारत नाही.

आदल्या दिवशी क्लासचे संगणक सांभाळणाऱ्या सुकन्याताईंनी माझ्यात ब्रिज, म्हणजे संगणकांच्या जाळ्यांना जोडणारा पूल बांधला होता. क्लासमधला डीएनएस त्या पुलावर होता. त्याला आधी विचारावं म्हणून ताईंनी पुलाला प्राधान्याचा आकडा दोनशे दिला. बाहेरच्या जोडणीचा शंभर होता.

“सुकन्या, लेकरं बसून राहिलीत. घालू का हे डबडं भंगारात?” सर कडाडले.

“थांबा सर. आकड्यानं हाक मारली तर प्रश्नपेढी ओ देऊन राहिली. नावानं न्हाई. तार ठीक हाय.”

“ताई, आज पेपर न्हाई झाला तर?” तनुजाने विचारलं.

 ताईंनी माझी माहितीपुस्तिका पडद्यावर उघडली आणि कपाळाला हात लावला. “सर, मी मार्क समजून दोनशे दिले. हा तर रँक हाय! लहान आकडा आधी.”

“लातुरात राहून रँक कळंना व्हय तुला?”

ताईंनी दोनशेचे दहा केले. पूल बंद करून पुन्हा चालू केला. क्षणभर मी साऱ्या क्लासपासून तुटलो. मग आधी क्लासमधल्या डीएनएसला विचारलं, पत्ता मिळाला. पेपर उघडला.

जाताना तनुजाने माझ्यावर हात टेकला नि झटकन काढला. “ताई, हे लई तापलंय. गठ्ठे तरी उचला की.”

मित्रांनो, जुन्याला मोडीत काढण्याआधी त्याला काय सांगितलं होतं, ते एकदा तपासा. गठ्ठेही उचला.

निकाल लागला, तेव्हा तनुजाचा आकडा लहान होता. फार लहान.