न्यामांगोचा पेजेचा पेला

मी एक जुना भोपळ्याचा पेला आहे. मित्रांनो, माझ्या हातून काय घडलं ते ऐका आणि मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

रुम्फी गावच्या डोंगराखाली न्यामांगो नावाच्या बाईने मला वेलावरून खुडलं, वाळवलं, आतून खरवडलं. घरात मूल जन्मलं की दुसऱ्याच आठवड्यात मक्याची पातळ पेज माझ्यातून त्याच्या ओठांना लागायची. अकरा मुलं वाढली माझ्यावर. शेजारणी मला मागून न्यायच्या. मला त्याचा भारी तोरा होता.

मग तिची सून तिवोंगे हिला पहिला मुलगा झाला, लुसुंगू. त्यालाही मीच भरवलं. तो वर्षाच्या आत वाळत वाळत गेला. सगळे म्हणाले, दृष्ट लागली.

दोन वर्षांनी वेझी जन्मली. आता तिवोंगे रोज चोरून एक गोळी घ्यायची, बाळाच्या जिभेवर औषधाचे थेंब सोडायची. डबीतल्या गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून तिने आत कापूस कोंबला होता. वेझी पोटात असताना तिच्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. नर्सने बजावलं होतं, "गोळी चुकवू नकोस. आणि बाळाला सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नको." पण आमच्याकडे सून सासूपुढे गुडघे टेकून बोलते. असलं बोलणं तिच्या तोंडून निघत नाही.

"तुझं दूध म्हणजे नुसतं पाणी," न्यामांगो कुरकुरायची. तिवोंगे पाण्याला गेली की ती गुपचूप मला भरायची. असं दोन दिवस चाललं; तिसऱ्या सकाळी पाण्याचा हातपंप बिघडला, आणि तिवोंगे रिकाम्या बादलीनिशी परतली. वेझीच्या हनुवटीवर पेज होती.

तिवोंगे गुडघ्यांवर बसली. "आई, मला तो आजार आहे. दुधाबरोबर पेज दिली तर पोरीला तो लागायची भीती वाढते."

"कधीपासून आहे?"

"लुसुंगूच्या आधीपासूनच असणार. तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं."

न्यामांगो माझ्याकडे बघत राहिली. "त्याला तर मी पोटभर पाजली गं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः सुनेला आणि वेझीला घेऊन दवाखान्यात गेली. वेझीच्या टाचेतून रक्त घेतलं, आणि निकाल चांगला आला. "पण एवढ्यात सुटलो म्हणू नका," नर्स म्हणाली. "दूध सुटेपर्यंत आणि त्यानंतरही तपासावं लागेल." डबीतला कापूस न्यामांगोनेच काढून फेकला. आता रोज सकाळी ती डबी खुळखुळवून सुनेला हाक मारते.

मी छपराला पालथा टांगलेला आहे. वेझीला जरा ताप आला की म्हातारी वर माझ्याकडे बघते. मित्रांनो, तान्ह्याच्या तोंडाला पेला लावण्याआधी त्याच्या आईला विचारा, आणि तिला खरं सांगायची भीती वाटू देऊ नका. लुसुंगूच्या वेळी कुणी विचारलं नाही. मीसुद्धा तोऱ्यात पेजेने भरलेलाच होतो.