दसऱ्याचं तेल

मी भातकुली गावचा एक जुना स्लिप क्लच आहे. तुम्हाला मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो; माणसांवरचा माझा विश्वास केव्हाच उडाला आहे.

ट्रॅक्टरमागे गवत कापायचं यंत्र असतं. दोघांना जोडणाऱ्या फिरत्या दांड्यावर मी बसतो. माझ्या पोटातल्या चकत्यांना स्प्रिंगा एकमेकींवर दाबून धरतात. पात्याला दगड अडला की चकत्या घसरतात, दांडा शाबूत राहतो आणि सीटवरचं माणूस वाचतं. घसरणं हेच माझं काम. पंजाबरावांच्या संत्र्याच्या बागेत मी ते सहा वर्षं इमानाने केलं. त्यांची सून शकुन ट्रॅक्टर चालवायची. मी घसरलो की ती ट्रॅक्टर बंद करून दगड काढायची आणि मला निवू द्यायची. माझं कौतुक काय ते तेवढंच.

मग दसरा आला. पंजाबरावांनी अवजारं धुतली, हळदकुंकू लावलं आणि भक्तीच्या भरात माझ्या चकत्यांवर वाटीभर तेल ओतलं. दुसऱ्या दिवशी मी साध्या गवतातही घसरू लागलो.

"हरामखोर झाला हा," म्हणत त्यांनी पाना उचलला.

"मामाजी, इतके नका आवळू," शकुन म्हणाली. "साजिद मिस्त्रीनं स्प्रिंगले दबाले जागा ठेवाले सांगतलं हाये."

"तुले काय समजते त्यातलं? बस सीटवर."

स्प्रिंगांचे वेढे एकमेकांना टेकेपर्यंत त्यांनी नट आवळले. मला वाचा असती तर शिव्याच दिल्या असत्या.

तिसऱ्या ओळीत तोडलेल्या झाडाचं खोड गवतात दडलं होतं. पातं अडलं. मला घसरता आलं नाही. दांडा मोडला आणि त्याच्या गरगरत्या तुकड्याने शकुनचा उजवा गुडघा फोडला.

साजिद मिस्त्रीने मला खोललं. "काका, चकत्याईले तेल कावून पाजलं? ब्रेकले तेल लावते का कोनी?"

"क्लचच खराब निंगाला," पंजाबराव म्हणाले. मला अजून त्या वाक्याची चीड येते.

मित्रांनो, माझी पूजा करू नका. हंगामाआधी नट सैल करून मला क्षणभर घसरू द्या, म्हणजे गंज सुटेल. मग ट्रॅक्टर बंद करून नट मापाने आवळा. चकत्यांना तेलाचा थेंबही लागू देऊ नका.

साजिदने अर्ध्या दिवसात मला नव्या चकत्या घातल्या. शकुन अजून भिंत धरून चालते. सीटवर आता पंजाबराव स्वतः बसतात, आणि स्प्रिंगांची लांबी पट्टीने मोजून माझे नट आवळतात.