तळहाताखालचा हात

उमरग्याच्या ज्या दवाखान्यात निद्राविकारांची तपासणी चालते, तेथे रुग्णांना प्रश्नावली वाचून दाखविण्याचे काम निवृत्तीनंतर माझ्याकडे आले. झोप बिघडल्याने माणसाचे जगणे किती उणावले, हे वीस प्रश्नांनी मोजायचे. ज्याची बेरीज चाळिसाच्या वर जाईल, त्याला झोपेत श्वास अडू न देणारे यंत्र विनामूल्य मिळे.

डॉक्टर निकिता यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, “गुरुजी, प्रश्न आहे तसाच विचारा. पदरचा एक शब्दही घातला तर मोजमाप बिघडतं.”

ते मला सांगावे लागले नसते. आयुष्यभर पाठशाळेत मी मुलांकडून वेदांची संहिता पाठ करवून घेतली; तिचा एक स्वरही आपल्या सोयीने हलवू नये, हाच माझ्यावरचा संस्कार.

श्रावणात मुरुमचे शिवलिंगप्पा आले. वय सत्तरीचे, देह भरदार, अडतीचे दुकान मुलाकडे सोपविलेले. बाकावर टेकताच त्यांची मान कलली.

“उठा की हो, गुरुजी इचारायलेत!” पत्नी शांतम्मांनी कोपराने ढोसले. “काय सांगू गुरुजी, ह्यांच्या घोरण्यानं शेजारची म्हैस आटली.”

“भाकडच हाय ती. माझ्यावर कशाला घालतीस?”

मी वाचू लागलो. वाहन चालविताना डुलकी लागते का?

“गाडी येतच न्हाय मला.”

शून्य. वाचताना?

“चष्मा फुटल्यापासून वाचन बंद.”

शून्य. कामात चुका होतात का?

“काम पोरगा करतो.”

शून्य. स्वयंपाक, खरेदी, बँक यांसारख्या रोजच्या महत्त्वाच्या कामांत अडचण येते का?

“न्हाय.”

“पूजेचं इचारा की,” शांतम्मा हळूच म्हणाल्या.

“गप ग.”

पण त्या गप्प बसल्या नाहीत. आठव्या वर्षी दीक्षा झाल्यापासून रोज पहाटे गळ्यातले इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्यावर दृष्टी लावायची, आणि त्याआधी अन्नाला शिवायचे नाही, हा शिवलिंगप्पांचा नेम. ज्येष्ठात पूजेतच डोळा लागला आणि लिंग हातातून फरशीवर पडले. त्या दिवसापासून त्यांनी ते हाती घेतले नव्हते.

“जेवतेत, पन भिंतीकडं तोंड करून. चोरावानी.”

शिवलिंगप्पांनी मान वर केली. “गुरुजी, कागदात पूजेचं इचारलंय का?”

“नाही.”

“मग ऱ्हाऊ द्या. इचारलं न्हाय ते सांगून यंत्र घ्यायचं, हे बरं न्हाय.”

रोजच्या महत्त्वाच्या कामांचा तो प्रश्न अजून माझ्या बोटाखाली होता. ‘यांसारख्या’ या शब्दात पूजा सहज मावली असती, आणि तसाच शब्द पुढच्या कित्येक प्रश्नांतही होता. “आप्पा, पूजाही यातच धरा,” एवढेच म्हणायचे होते. मी म्हणालो नाही. संहितेला बोट लावले नाही. तेथेही शून्य लिहिले. बेरीज चौदा झाली.

दिवाळीनंतर बाजारात शांतम्मा भेटल्या. डोळे खोल गेलेले, पण चेहरा उजळ. “पूजा सुरू झाली गुरुजी. ह्यांच्या हाताखाली माझा हात धरून बसते. दोनदा निसटलं, दोन्ही बारीला माझ्या हातात आलं.”

मी मोठ्या समाधानाने घरी गेलो. डॉक्टरांना मात्र काही कळविले नाही.

माघात निरोप आला. पहाटे झोपेतच शिवलिंगप्पांचा श्वास थांबला होता.

मुरुमला पोहोचलो तेव्हा रीतीप्रमाणे शिवलिंगप्पांना भिंतीला टेकवून बसविले होते. कपाळी विभूती, गळ्यात झेंडूचे हार. मला पाहून शांतम्मांनी विचारले, “गुरुजी, त्या कागदावर आकडा किती आला हुता?”

“चौदा.”

“आन् लागत हुते?”

“चाळिसाच्या वर.”

“म्हंजी त्यांचं बरं चाललं हुतं म्हनायचं.”

त्यांच्या स्वरात ठपका नव्हता. म्हणूनच मला मान वर करवेना.

जंगमस्वामींनी इष्टलिंग शिवलिंगप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवले. तोच शांतम्मा पुढे सरकल्या आणि त्यांनी आपला हात त्या हाताखाली धरला.

“अव्वा, आता न्हाय पडायचं ते,” स्वामी मृदुपणे म्हणाले. “हात काढा.”

“ठाऊक हाय,” त्या म्हणाल्या.

पूजा संपेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.